क्वार्टरबॅक ते मुख्य प्रशिक्षक: डग पीडरसनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन फुटबॉल रात्र जागून बघणारे मराठी प्रेक्षक आता कमी नाहीत. त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: इतके प्रशिक्षक जुने क्वार्टरबॅक कसे, आणि त्यातही इतके जण राखीव कसे? याचं उत्तर नीट कळायला डग पीडरसनची कारकीर्द सगळ्यात सोयीची आहे: खेळाडू म्हणून राखीव क्वार्टरबॅक, प्रशिक्षक म्हणून फिलाडेल्फिया ईगल्सला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकून देणारा. म्हणून खालचे बहुतेक प्रश्न त्याच्याभोवती आहेत.

क्वार्टरबॅक म्हणजे क्रिकेटमधला कर्णधारच ना?

नाही. कर्णधार क्षेत्ररक्षण लावतो, गोलंदाज बदलतो, निर्णय त्याचे असतात. क्वार्टरबॅककडे निर्णय येतो तो बाहेरून, प्रशिक्षकाकडून. तो दहा जणांना सांगायचा, समोरचा बचाव बघून गरज पडली तर बदलायचा, आणि चेंडू हातात आल्यावर साधारण अडीच सेकंदांत तो कुणाकडे तरी पोचवायचा. यष्टिरक्षकाची जागा जास्त जवळची वाटते: प्रत्येक चेंडूत सहभाग, समोर सगळं मैदान. मात्र चुकीची किंमत यष्टिरक्षकापेक्षा कितीतरी जास्त.

पीडरसन खेळाडू म्हणून कसा होता?

स्पष्ट सांगायचं तर सुमार. जन्म १९६८, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमचा. कॉलेज नॉर्थईस्ट लुइझियाना, ज्याचं नाव आता लुइझियाना-मनरो विद्यापीठ आहे. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, त्याला कुणीही निवडलं नाही. मायामी डॉल्फिन्सने घेतलं, सोडलं, परत घेतलं. मधल्या काळात वर्ल्ड लीगमध्ये खेळून झालं. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, सुरुवातीपासून खेळायला मिळालेले सामने १७, त्यातले जिंकलेले ३.

एक दिवस मात्र इतिहासात गेला. नोव्हेंबर १९९३, फिलाडेल्फिया. डॉल्फिन्सचा मुख्य क्वार्टरबॅक डॅन मरिनो जायबंदी होऊन आधीच बाहेर, सामना सुरू असताना स्कॉट मिचेलही जखमी, आणि तिसऱ्या क्रमांकाचा पीडरसन मैदानात. डॉल्फिन्स १९-१४ ने जिंकले. प्रशिक्षक डॉन शुला यांचा तो ३२५ वा विजय, म्हणजे जॉर्ज हॅलस यांचा विक्रम मोडणारा.

पुढे ग्रीन बे पॅकर्समध्ये तो ब्रेट फार्व्हच्या मागे थांबला. फार्व्ह जवळपास कधीच सामना चुकवत नसे. त्यामुळे पीडरसनला सुपर बोल ३१ ची अंगठी मिळाली ती बाकावरून. १९९९ मध्ये ईगल्सचा नवा प्रशिक्षक अँडी रीडने त्याला फिलाडेल्फियाला नेलं. ९ सामने खेळवलं, मग नवखा क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅब तयार झाल्यावर बाकावर बसवलं. पीडरसनची नेमणूकच त्यासाठी होती, असं म्हटलं तरी चालेल. पुढचं वर्ष क्लीव्हलँड, मग परत ग्रीन बे, आणि २००४ च्या हंगामानंतर निवृत्ती.

मग असा खेळाडू चांगला प्रशिक्षक कसा झाला?

कारण राखीव क्वार्टरबॅकचं काम म्हणजे पगारी उमेदवारी असते. त्याचा आठवडा जवळून बघा.

सरावात मुख्य क्वार्टरबॅकला जवळजवळ सगळे प्रयत्न मिळतात. राखीव खेळाडू ‘स्काउट टीम’ चालवतो. म्हणजे येत्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याची भूमिका करतो. प्रशिक्षक पुठ्ठ्यावर काढलेली चाल वर धरतो, तो ती बघून आपल्याच बचावाविरुद्ध खेळून दाखवतो. परिणाम असा, की हंगामाअखेर त्याने दहा-पंधरा वेगवेगळ्या संघांच्या चाली हाताने खेळलेल्या असतात. मुख्य क्वार्टरबॅकला फक्त स्वतःची चालपुस्तिका पाठ असते.

बैठकीत तो मुख्य खेळाडूशेजारी बसतो आणि त्याला न सुचलेले प्रश्न विचारतो. सामन्यात चालींची नोंद ठेवतो. खेळ थांबला की बाकावर फोटो चाळतो, आधी छापील, २०१४ पासून टॅब्लेटवर, आणि सांगतो: ‘डावीकडचा सेफ्टी चेंडू सुटायच्या आधीच पुढे सरकतोय.’ (सेफ्टी म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा खेळाडू.) हे कमी शब्दांत सांगावं लागतं, कारण ऐकणारा दमलेला आणि बहुधा चिडलेला असतो. प्रशिक्षकाचं काम याहून फार वेगळं नसतं.

शिवाय पीडरसन ग्रीन बेमध्ये होल्डर होता, म्हणजे किकसाठी चेंडू धरणारा. सुमारे ७ ते ८ यार्ड मागे गुडघा टेकायचा, आलेला चेंडू झेलायचा, टोक जमिनीवर टेकवून शिवण किकरच्या विरुद्ध बाजूला फिरवायची. स्नॅपपासून, म्हणजे मधल्या खेळाडूने चेंडू मागे दिल्यापासून, किकपर्यंत सगळं मिळून जेमतेम १.३ सेकंद. शिवण किकरकडे राहिली तर चेंडू वाकतो, आणि शिव्या किकर खातो. सगळं नीट पार पडलं तर होल्डरचं नावही निघत नाही. क्रिकेटमधल्या बाराव्या खेळाडूला हे दुःख कळेल.

नामांकित क्वार्टरबॅक प्रशिक्षक म्हणून फसतात, हे खरं का?

बऱ्याच अंशी. बार्ट स्टारने खेळाडू म्हणून पहिले दोन्ही सुपर बोल जिंकले. १९७५ ते १९८३ अशी नऊ वर्षं त्याच पॅकर्सचा प्रशिक्षक होता आणि जिंकण्यापेक्षा हरला जास्त. उलट टॉम फ्लोरेस चीफ्समध्ये लेन डॉसनचा राखीव होता, तर प्रशिक्षक म्हणून रेडर्सला दोन सुपर बोल मिळवून दिले. गॅरी क्युबियाक जॉन एलवेचा राखीव. खेळाडू म्हणून तीन सुपर बोल हरला, प्रशिक्षक म्हणून सुपर बोल ५० जिंकला.

कारण अहंकाराचं नसतं, भाषेचं असतं. ज्याला उपजत दिसतं, त्याला ‘तू ते का बघितलं नाहीस?’ एवढंच विचारता येतं. ज्याने फिल्म घासून दिसायला शिकून घेतलं, त्याच्याकडे पायऱ्या असतात आणि त्या दुसऱ्याला देता येतात. नियमाला अपवाद आहेतच. जिम हार्बॉ पहिल्या फेरीत निवडलेला, पूर्ण कारकीर्द खेळलेला. त्याने स्टॅनफर्ड सावरलं, फोर्टी-नाइनर्सना सुपर बोलपर्यंत नेलं आणि जानेवारी २०२४ मध्ये मिशिगनला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं.

निवृत्तीनंतर पीडरसन थेट एनएफएलमध्ये गेला का?

नाही. चार वर्षं, २००५ ते २००८, तो लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट इथे कॅल्व्हरी बॅप्टिस्ट अकॅडमी या शाळेचा मुख्य प्रशिक्षक होता. शाळेच्या पातळीवर मुख्य प्रशिक्षक म्हणजे सबकुछ: पालकांशी बोलणं, साहित्य, आणि गणिताचा पेपर असल्यामुळे सरावाला न आलेला पोरगा. मुख्य म्हणजे १५ वर्षांच्या मुलाला पन्नास ओळींची चाल पाठ होत नाही. छाटावं लागतं. ही छाटणी पुढे त्याच्या कामी आली.

२००९ मध्ये रीडने त्याला ईगल्समध्ये बोलावलं, ते आक्रमणाचा ‘क्वालिटी कंट्रोल’ सहायक म्हणून. म्हणजे शिडीची सगळ्यात खालची पायरी. २०११ मध्ये क्वार्टरबॅक प्रशिक्षक. २०१३ ते २०१५ कॅन्सस सिटीत रीडच्याच हाताखाली आक्रमण समन्वयक. जानेवारी २०१६ मध्ये ईगल्सचा मुख्य प्रशिक्षक.

क्वालिटी कंट्रोल म्हणजे नक्की काय करायचं?

कारकुनी, पण खेळ शिकवणारी. प्रतिस्पर्ध्याच्या गेल्या काही सामन्यांची प्रत्येक चाल बघून तिच्यापुढे रकाने भरायचे: कितवं डाऊन (१० यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू डावीकडे की उजवीकडे, मैदानावर कोणते खेळाडू, रचना कोणती, बचावाची पहिली फळी कशी, मागे कव्हर (पासविरुद्धची बचावरचना) कोणतं, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा बचावपटूंचा हल्ला) आला का आणि कुठून. ‘११’ लिहिलं म्हणजे एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), एक टाइट एंड (अडवणारा आणि पास झेलणाराही). ‘१२’ म्हणजे एक आणि दोन. एका सामन्यात आक्रमणाच्या साठ-सत्तर चाली असतात. चार-पाच सामने धरले तर हिशेब करा.

इथे चूक झाली की ती वर चढत जाते. तिसऱ्या डाऊनला ७ यार्ड असताना हा संघ ब्लिट्झ करतो, असं चुकीच्या नोंदीवरून ठरलं तर समन्वयक त्यावर पाच चाली बसवतो, आणि रविवारी ब्लिट्झ येतच नाही.

क्वार्टरबॅक प्रशिक्षक काय शिकवतो? फेकायला?

एनएफएलपर्यंत पोचलेल्याचा हात फारसा बदलत नाहीत. काम चालतं पायांवर.

चेंडू सेंटरच्या, म्हणजे तो मागे देणाऱ्या मधल्या खेळाडूच्या, लगेच मागे उभं राहून घेतला तर उजवा खेळाडू उजवा पाय आधी मागे टाकतो. तीन पावलं छोट्या पाससाठी, पाच मधल्या, सात लांबच्या. शॉटगनमध्ये तो आधीच ५ यार्ड मागे उभा असतो, म्हणून पाच पावलांचं काम तीन पावलांत होतं. खरी गोष्ट पुढे आहे: पावलं हे घड्याळ असतं. पाचवं पाऊल टेकताना पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) वळायला हवा. तो मोकळा नसेल तर जागच्या जागी एक छोटी उडी, जिला ‘हिच’ म्हणतात, आणि नजर दुसऱ्यावर. आणखी एक हिच, तिसरा. त्यानंतर चेंडू रनिंग बॅकला द्या, बाहेर फेका किंवा पळा.

नेहमीचे बिघाड असे:

- पुढचं पाऊल फार लांब पडलं की खांदे मागे झुकतात आणि चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. हाताला दोष देऊ नका, पाऊल आखूड करा.
- वजन मागच्या पायावर राहिलं तर चेंडू हवेत तरंगतो. अंगावर माणसं येताना हे हमखास होतं, म्हणून सरावात पायांशी पिशव्या फेकून पास टाकायला लावतात.
- पावलं बरोबर, पण रिसीव्हरने १२ यार्डांऐवजी १० वर वळण घेतलं. फोटोत हा क्वार्टरबॅकचा उशीर दिसतो. दोष दुसऱ्याचाच असतो, आणि हे ओळखणं हा प्रशिक्षकाचा खरा कस.
- नजर पहिल्या रिसीव्हरला चिकटून राहते. सेफ्टी मग चेंडू बघतच नाही, डोळे बघतो.

सामना सुरू असताना प्रशिक्षक खेळाडूशी कसा बोलतो?

१९९४ पासून एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. मागे हिरवा ठिपका दिसतो तोच. दोन चालींमध्ये ४० सेकंद. घड्याळावर १५ राहिले की रेडिओ आपोआप बंद होतो. म्हणजे प्रशिक्षकाकडे पंचवीस सेकंद, आणि त्यातले काही खेळाडू बदलण्यात जातात. कॉलेजच्या वरच्या गटात ही सोय २०२४ मध्ये आली. तोवर खुणा आणि रंगीत फलक होते.

चाल बोलली जाते ती साधारण अशी: ‘ट्रिप्स राइट, झेड शॉर्ट, टू जेट, वाय स्टिक, ऑन टू.’ तीन रिसीव्हर उजवीकडे, ‘झेड’ने स्नॅपआधी आत सरकायचं, मग संरक्षण, आकडा त्याची बाजू सांगतो, मग मुख्य मार्ग, टाइट एंडने ५-६ यार्ड पळून बाहेर वळायचं, आणि शेवटी कितव्या हाकेला चेंडू सुटणार. ही आखूड चाल झाली. वेस्ट कोस्ट पद्धतीत, म्हणजे बिल वॉल्शपासून माइक होल्मग्रेन आणि रीडमार्फत पीडरसनकडे आलेल्या घराण्यात, याच्या दुप्पट शब्द सहज लागतात.

माजी क्वार्टरबॅकचा फायदा इथे दिसतो. शब्द कुठे अडखळतील हे त्याला कळतं, कारण दमलेल्या श्वासात तो ते बोललेला असतो.

हातातल्या त्या मोठ्या पत्रकावर काय असतं?

लॅमिनेट केलेलं कॉलशीट. डावीकडे सुरुवातीच्या पंधराएक चाली, क्रमाने आधीच ठरवलेल्या. ही वॉल्श यांची देणगी. मग तिसऱ्या डाऊनचे चौकोन, अंतराप्रमाणे: १-२, ३-६, ७ आणि पुढे. शेवटच्या २० यार्डांसाठी वेगळा, गोलरेषेसाठी वेगळा, शेवटच्या दोन मिनिटांचा वेगळा, स्वतःच्या गोलरेषेला पाठ टेकली असताना वेगळा. दोन गुणांचा तक्ता कोपऱ्यात.

आठवडाही यावरच बसतो. मंगळवारी प्रशिक्षक योजना आखतात, खेळाडूंना सुट्टी. बुधवारी पहिलं-दुसरं डाऊन, गुरुवारी तिसरं, शुक्रवारी शेवटचे २० यार्ड. पत्रकावर दीडशे चाली असतात आणि सराव त्यातल्या निम्म्यांचाही धड होत नाही, हे सगळ्यांनाच माहीत असतं.

‘फिली स्पेशल’मध्ये नेमकं काय झालं?

४ फेब्रुवारी २०१८, मिनियापोलिस, सुपर बोल ५२. ईगल्स १५, पेट्रियट्स १२. पहिला अर्ध संपायला ३८ सेकंद. चौथं डाऊन, गोलरेषा १ यार्डावर. तीन गुणांची किक समोर तयार. राखीव क्वार्टरबॅक निक फोल्स बाजूला येऊन विचारतो, ‘फिली फिली’ हवंय का? पीडरसन क्षणभर थांबतो आणि हो म्हणतो.

फोल्स शॉटगनमध्ये उभा राहतो, मग चाल बदलत असल्यासारखा उजव्या टॅकलच्या, म्हणजे पुढच्या फळीतल्या कडेच्या खेळाडूच्या, मागे जाऊन थांबतो. चेंडू थेट रनिंग बॅक कोरी क्लेमंटकडे. तो डावीकडे पळतो, उलट दिशेने येणाऱ्या ट्रे बर्टनला चेंडू देतो. बर्टन टाइट एंड, पण कॉलेजात क्वार्टरबॅक राहिलेला. तो फेकतो, गोलरेषेपलीकडच्या एंड झोनमध्ये एकट्या उभ्या फोल्सकडे. टचडाऊन. सुपर बोलमध्ये पास टाकून आणि पास झेलून दोन्ही प्रकारे टचडाऊन करणारा फोल्स पहिलाच.

बारकावा नियमात आहे. एनएफएलमध्ये सेंटरच्या हाताखालून चेंडू घेणाऱ्या जागी उभा राहिलेला क्वार्टरबॅक पास झेलायला पात्र नसतो, शॉटगनमधला असतो. म्हणून फोल्सने मागेच उभं राहणं गरजेचं होतं, आणि सरकल्यावर पूर्ण एक सेकंद स्थिर. रेषेवर सात जण पुरते होते का, यावर पेट्रियट्सचे चाहते आजही भांडतात. पंचांनी दंडाचा रुमाल टाकला नाही.

ही चाल ईगल्सची मूळची नव्हे. शिकागो बेअर्सने २०१६ च्या हंगामात ती खेळली होती. सहायक प्रेस टेलरने ती फिल्ममधून उचलून ठेवली. रकाने भरण्याचं फळ असं कधीतरी मिळतं.

चौथ्या डाऊनला पीडरसन इतका धोका का पत्करतो?

धोका दिसतो तेवढा नसतो. १ यार्डावरून फसलो तरी प्रतिस्पर्ध्याला चेंडू त्याच्याच गोलरेषेला चिकटून मिळणार, आणि घड्याळात अर्धा मिनिट. गमावले फक्त तीन गुण, मिळणार होते सात. २०१७ च्या साखळीत ईगल्सने चौथ्या डाऊनला २६ वेळा प्रयत्न केला, १७ वेळा साधलं.

जास्त धाडसी निर्णय लोक विसरतात. त्याच सामन्यात ५ मिनिटं ३९ सेकंद बाकी, ईगल्स ३२-३३ ने मागे, चौथं डाऊन आणि १ यार्ड, आणि जागा स्वतःच्याच ४५ यार्डांवर. फसले असते तर टॉम ब्रेडीला अर्धं मैदान आयतं. झॅक अर्ट्झला छोटा पास, पहिलं डाऊन. पुढे त्यालाच टचडाऊन. अंतिम गुणसंख्या ४१-३३, फिलाडेल्फियाचा पहिला सुपर बोल. सामन्याआधी आकडेमोड झालेली असते. मैदानावर फक्त ती मोडायची नसते.

मुख्य क्वार्टरबॅक नसतानाही ते कसं जमलं?

कार्सन वेंट्झचा गुडघा १० डिसेंबर २०१७ ला गेला. फोल्सला वेंट्झची चालपुस्तिका जशीच्या तशी दिली असती तर संघ बुडाला असता. वेंट्झ पळता पळता खेळ वाचवणारा. फोल्स जागेवरून पटकन फेकणारा. म्हणून ‘आरपीओ’ वाढवले: धाव आणि पास एकाच चालीत. क्वार्टरबॅक एकाच लाइनबॅकरला (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला) बघतो. तो धाव रोखायला पुढे आला तर त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत पास, नाही आला तर चेंडू रनिंग बॅककडे. इथे घोळ होतो तो उशिराने. पुढची फळी धावेसाठीच ढकलत असते, आणि एनएफएलमध्ये पास सुटताना ती १ यार्डापेक्षा पुढे गेली की ५ यार्डांचा दंड. कॉलेजात ३ यार्डांची सवलत आहे, त्यामुळे तिथून आलेली पोरं इथे सुरुवातीला चुकतात.

शेजारी सल्ल्याला आक्रमण समन्वयक फ्रँक राइक होता, खेळाडू असताना जिम केलीचा राखीव. जानेवारी १९९३ मध्ये बफेलोला ३-३५ वरून ४१-३८ जिंकून देणारा. तीन माजी किंवा आजी राखीव, एका सुपर बोलमध्ये.

मग पीडरसनला तीनच वर्षांत काढून का टाकलं?

राइक आणि क्वार्टरबॅक प्रशिक्षक जॉन डीफिलिपो विजयानंतर लगेच दुसरीकडे गेले, वेंट्झचा खेळ ढासळला, आणि २०२० मध्ये ४ विजय, ११ पराभव, १ बरोबरी. शेवटच्या सामन्यात क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला काढून नेट सडफेल्डला उतरवल्यावर मुद्दाम हरल्याचा आरोप झाला. ११ जानेवारी २०२१ ला गच्छंती.

जॅक्सनव्हिलचं ते ०-२७ प्रकरण काय?

२०२२ पासून पीडरसन जॅक्सनव्हिल जॅग्वार्सचा मुख्य प्रशिक्षक होता. १४ जानेवारी २०२३, चार्जर्सविरुद्ध प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचा सामना, आणि जॅक्सनव्हिल ०-२७ ने मागे. क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्सने पहिल्या अर्धात चार इंटरसेप्शन दिले, म्हणजे चार पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. पीडरसनने त्याला ना बदललं, ना चाली भित्र्या केल्या. लॉरेन्सने चार टचडाऊन पास टाकले.

शिकण्यासारखी जागा २६-३० वर आहे. टचडाऊननंतर चार्जर्सच्या जोई बोसाला गैरवर्तनाचा दंड झाला, दोन गुणांच्या प्रयत्नाची जागा २ वरून १ यार्डावर आली. किक मारली असती तर फरक ३, म्हणजे पुढच्या फील्ड गोलने फक्त बरोबरी. पीडरसनने दोन गुणांचा प्रयत्न केला, लॉरेन्स चेंडू घेऊन रेषेपलीकडे घुसला, फरक २. मग शेवटच्या चढाईत चौथं डाऊन आणि १ यार्ड, ट्रॅव्हिस एटिएनची २५ यार्डांची धाव, आणि रायली पॅटरसनची किक: ३१-३०.

पुढचं टिकलं नाही. २०२३ मध्ये ८-३ वरून ९-८, २०२४ मध्ये ४-१३, आणि जानेवारी २०२५ मध्ये नोकरी गेली.

खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक, दोन्ही नात्यांनी सुपर बोल जिंकलेले किती?

चार: टॉम फ्लोरेस, माइक डिट्का, टोनी डंजी आणि पीडरसन. डिट्का टाइट एंड. डंजी एनएफएलमध्ये सेफ्टी खेळला, पण मिनेसोटा विद्यापीठात क्वार्टरबॅक होता.

आपल्याकडे हा खेळ शिकायला काही वाव आहे का?

२०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया सुरू झाली तेव्हा तिच्यात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघ होते. गुंतवणूकदारांत माजी क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरचं नाव होतं. ती फार चालली नाही. आता बघायचं असेल तर फ्लॅग फुटबॉल बघा: पाच-पाच जण, अंगावर आदळणं नाही, कमरेची पट्टी ओढली की चाल संपली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आहे. शाळेच्या मैदानावर सुरू करायचं तर चार चाली पुरतात. पाचवी शिकवायची घाई करू नका. आधी सगळ्यांना पाचही जागांवरून खेळवून घ्या.